आमची वाटचाल : आधी पाणी आणि हवा, मग गाडी

इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. फोर्ड जीटी४० या १९६०च्या दशकातल्या रेसिंग गाडीच्या प्रतिकृती आम्ही ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बांधतो. आम्ही दोघे भागीदार मूळचे कोल्हापूरचे, हात तयार झाला तो उद्यमनगरात, फाउंड्री आणि लेथच्या कामावर. इथे सुरुवात झाली ती दुरुस्तीपासून. हौशी लोक किट विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडतात, ती रस्त्यावर तापायला लागली की आमच्याकडे येते. पुढे एसी बसवून देण्याची कामं मिळू लागली आणि त्यानंतर उघड्या चेसिसपासून अख्खी गाडी. याच क्रमामुळे आमच्याकडे कोणत्याही गाडीचा पहिला कागद असतो तो पाण्याच्या आणि एसीच्या गॅसच्या पाइपांचा. इंजिन आणि बॉडी त्यानंतर.

मूळ गाडी स्लाउ इथल्या फोर्ड अ‍ॅडव्हान्स्ड व्हेइकल्समध्ये घडली. १९६४ साली ती पहिल्यांदा धावली आणि १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं या घराण्यातल्या गाड्यांनी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. उंची साधारण ४० इंच, इंजिन चालकाच्या पाठीला लागून, रेडिएटर पुढच्या नाकात. समोरची काच प्रचंड आणि आडवी, दारांच्या काचा खाली न होणाऱ्या, त्यात फक्त एक छोटी झडप. आत किती उकडत असेल ते मूळ सीटवरूनच कळतं. पाठीला हवा लागावी म्हणून त्या सीटच्या कापडात ओळीने पितळी कडा असलेली भोकं पाडलेली आहेत. शर्यतीत ताशी २०० किलोमीटरने हवा रेडिएटरवर आदळते. आमचा ग्राहक मात्र जुलैत ल माँ क्लासिक ही जुन्या रेसिंग गाड्यांची शर्यत पाहायला फ्रान्सला निघतो आणि टोलनाक्याच्या रांगेत अडकतो. गाडीची खरी परीक्षा त्या रांगेत होते.

इंजिन आम्ही बहुतेक फोर्डचं ३०२ घनइंची व्ही-८ वापरतो, म्हणजे ४,९४२ सीसी. पाण्याला पुढे जायला सुमारे अडीच मीटर आणि परत यायला अडीच मीटर. नळ्या ३८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर जाडीच्या. त्यांच्यातच जवळपास ५ लिटर पाणी बसतं. सगळं मिळून १८ लिटरच्या आसपास कुलंट लागतं, पाणी आणि ग्लायकॉल निम्मं निम्मं. नळीच्या टोकाला गोल उठाव काढल्याशिवाय होस चढवायचा नाही. गुळगुळीत टोकावर क्लिप कितीही आवळली तरी १ बार दाब आणि गरम झालेलं रबर यांच्यापुढे होस निसटतो, आणि ५ मीटर लांबीच्या सर्किटमधलं पाणी मिनिटभरात रस्त्यावर येतं.

तापण्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत रेडिएटर लहान असल्याचं क्वचितच आढळतं. दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो. नाकाच्या तोंडातून आत आलेली हवा रेडिएटरच्या बारीक फिनांमधून जायला तयार नसते. बाजूला दोन बोटांची फट मिळाली तर तिथूनच निघून जाते. म्हणून तोंडापासून कोअरच्या, म्हणजे रेडिएटरच्या जाळीच्या, कडेपर्यंत चारही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचा बंद मार्ग करायचा आणि बॉडी जिथे टेकते तिथे बंद पेशींच्या फोमची पट्टी लावायची. मागच्या बाजूचं काम याहून महत्त्वाचं. गरम हवा पुढच्या झाकणातल्या दोन नाकपुड्यांतून वर निघाली पाहिजे. मध्ये मार्ग केला नाही तर ती चाकांच्या कमानीत आणि पायांच्या कप्प्यात शिरते. मग रेडिएटरच्या मागे दाब साठतो, पुढची हवा आत येईनाशी होते आणि गाडी वेगात असतानाही काटा चढत राहतो. बाहेर पडायची वाट आत येणाऱ्या तोंडापेक्षा मोठी ठेवायची, एवढं पाळलं तरी पुष्कळ काम होतं.

पंखे रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारे, प्रत्येकी १२ इंची दोन. त्यांना पूर्ण कोअर झाकणारं आवरण हवंच. आवरणाविना पंखा फक्त स्वतःच्या वर्तुळापुरता गारवा देतो. वेगात मात्र हेच आवरण हवा अडवतं, म्हणून त्यात रबरी झडपा ठेवतो; हवेच्या जोराने त्या आपोआप उघडतात. प्रत्येक पंख्याला वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज. वायरिंग झालं की कोअरच्या पुढे कागद धरून बघायचं, तो चिकटला पाहिजे. उलट्या जोडलेल्या तारांमुळे पंखा येणाऱ्या हवेशीच झुंजत असल्याची उदाहरणं आम्हाला वरचेवर भेटतात. आणखी एक गोष्ट : फायबरच्या बॉडीतून करंट परत जात नाही. प्रत्येक पंख्याची, पंपाची अर्थिंगची तार थेट चेसिसच्या ठरलेल्या बोल्टपर्यंत न्यावी लागते. ती कच्ची राहिली तर करंट कुलंटमधून वाट शोधतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आतून पोखरला जातो. तपासायला सोपं आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावायचं, दुसरं कुलंटमध्ये बुडवायचं आणि सगळी उपकरणं चालू करायची. ०.१ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग शोधायला लागा.

हेडर टँक, म्हणजे कुलंटची वरची टाकी, सगळ्या सर्किटमध्ये उंच जागी हवा, इंजिनाच्या कप्प्यात मागच्या भिंतीवर. त्याच्या तळातून १९ मिलिमीटरचा होस पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जातो. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून आणि थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरातून ६ मिलिमीटरच्या दोन बारीक नळ्या टँकमध्ये येतात, कायमच्या. या दोन नळ्या असल्या की पुढे इतकी लांब नेलेली गाडीही स्वतःची हवा स्वतः काढते. नसल्या तर प्रत्येक वेळी एअर धरते. त्यातही धोका असा की टेंपरेचरचा सेन्सर वाफेच्या पोकळीत राहिला तर काटा कमी दाखवतो. चालक निर्धास्त असतो आणि आत इंजिनाचं हेड तापत असतं. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा, त्याच्या चकतीला ३ मिलिमीटरचं भोक. टँकची टोपी १ बारची, म्हणजे निम्मं निम्मं मिश्रण १२५ अंशांच्याही पुढे जाईपर्यंत उकळत नाही.

एवढं करूनही गाडी तापली तर इंजिनाच्या आत बघावं लागतं. ३०२ मध्ये दोन चुका हमखास सापडतात. नंतरच्या मस्टँगच्या एका रुंद पट्ट्याच्या इंजिनाचा वॉटर पंप उलट दिशेने फिरणारा असतो. तो जुन्या व्ही-बेल्टवर बसवला तर बसतो व्यवस्थित, गळतही नाही, पण पाणी पुरेसं ढकलत नाही. दुसरी चूक हेड गॅसकेटची, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पातळ थराची. त्यावर पुढची बाजू छापलेली असते. गॅसकेट उलटं बसलं तर पाणी ब्लॉकच्या मागच्या टोकापर्यंत न जाता पुढूनच हेडमध्ये चढतं आणि मागचे सिलिंडर कोरडे भाजत राहतात. जीटी४० मध्ये इंजिनाचं पुढचं टोक सीटमागच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेलं असतं, म्हणून पंप आणि पट्टा यांच्यासमोर भिंतीत उघडणारं झाकण आम्ही चेसिसच्या टप्प्यावरच करून ठेवतो. नाहीतर पंपासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

आता एसी. कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसतो आणि चालू असताना पाच-सहा किलोवॉट उष्णता त्याच हवेत सोडतो. म्हणजे एसी लावल्याबरोबर रेडिएटरला मिळणारी हवाच गरम. याच कारणाने कूलिंग आणि एसी ही दोन कामं आम्ही वेगळी धरत नाही. एसी नको म्हणणाऱ्या ग्राहकाच्या गाडीतही पंखे आणि हवेचा मार्ग एसी धरूनच काढतो.

कॉम्प्रेसर सँडेन कंपनीचा. जागा असेल तर १५५ सीसीचा, अगदीच अडचण असेल तर १०० सीसीचा छोटा. कॉम्प्रेसर मागे, कंडेन्सर पुढे आणि कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे अशी रचना असल्याने पाइप साध्या गाडीपेक्षा कितीतरी लांब होतात. जाड पाइप कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परत येणारा, मधला कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारा, बारीक द्रवाचा. पेट्रोलच्या टाक्या दोन्ही बाजूंना दारांखालच्या पोकळ सिलमध्ये असतात, म्हणून पाण्याला आणि गॅसला मधला एकच बोगदा उरतो. तिथे ९० अंशांपर्यंत तापलेली पाण्याची नळी आणि थंड परतीचा पाइप शेजारी बांधले तर डॅशबोर्डवर मिळवलेला गारवा बोगद्यातच वाया जातो. आम्ही बोगद्याचे दोन मजले करतो, मध्ये अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. परतीच्या पाइपावर नायट्राइल फोमची नळी, पाण्याच्या नळ्यांवरही तीच. ती नसली तर दोघांच्या मांड्यांमध्ये हीटर लावल्यासारखं होतं.

कॉइलच्या तळातून पाणी काढणारी नळी सलग उताराची हवी आणि तिच्या टोकाला चपटं रबरी तोंड. नळी मध्ये वर चढली तर पाणी साचतं आणि वळणावर प्रवाशाच्या बुटात पडतं. कॉइलमध्ये थर्मोस्टॅटचा बारीक सेन्सर खोचायला विसरलं तर अर्ध्या तासात बर्फ धरतो आणि हवा बंद होते. मालकाला वाटतं गॅस संपला.

गॅस भरायच्या कामाला इथे प्रशिक्षणाचा दाखला लागतो. क्रम ठरलेला आहे. गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या ड्रायरची टोपी सगळ्यात शेवटी काढायची, कारण उघडा राहिला की तो वर्कशॉपमधला ओलावा पितो. हिरव्या ओ-रिंगांना, म्हणजे जोडातल्या रबरी कड्यांना, ऑइल लावून जोड आवळायचे. आधी नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड बघायचा, मग व्हॅक्यूम पंप किमान ४५ मिनिटं. पंप बंद केल्यावर काटा जागचा हलता कामा नये. त्यानंतर गॅस वजनावर. पाइप लांब असल्याने छापील आकडा लागू पडत नाही, म्हणून शेवटचे १०० ग्रॅम गेजकडे बघून. बाहेर ३० अंश असताना आर१३४ए या गॅसच्या सिस्टिममध्ये खालची बाजू २ बारच्या आसपास आणि वरची १३ ते १६ बार दिसली की थांबायचं. जास्त गॅस म्हणजे जास्त गार, ही समजूत फार घातक आहे. जादा गॅसने वरचा दाब चढतो, दाबाचा स्विच कॉम्प्रेसरचा क्लच सोडवतो आणि नेमक्या उन्हात एसी बंद पडतो. इंजिन चालू करण्याआधी कॉम्प्रेसरचा पुढचा भाग हाताने दहा वेळा फिरवायचा. आत द्रव किंवा ऑइल साचलं असेल तर ते निघतं, नाहीतर पहिल्याच फेरीत व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या मोडतात.

बॉडी चढवण्याआधी उघडी चेसिस चालू ठेवून आम्ही पंखे, एसी आणि दिवे एकत्र लावतो आणि गाडी जागेवर उभी ठेवतो. काटा ९० ते ९५ मध्ये स्थिरावून पंखे बंद-चालू होत राहिले पाहिजेत, आणि आयडलवर व्होल्टेज १३.५ च्या खाली जाता कामा नये. त्यासाठी अल्टरनेटर १०० अँपिअरचा. बॉडी चढल्यावर हीच चाचणी पुन्हा. दोन्हींमध्ये पाच अंशांहून जास्त फरक पडला तर हवेच्या मार्गात फट राहिली आहे हे नक्की.

रस्त्यावर येण्याआधी गाडीला आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीच्या मंजुरीची सरकारी तपासणी, पास व्हावी लागते. बाहेरच्या कडांची गोलाई, उभ्या गाडीचा ९९ डेसिबलपर्यंतचा आवाज, समोरच्या काचेवरचं धुकं निघणं, सगळं बघतात. या शेवटच्या मुद्द्यावर एसी मोठी मदत करतो, कारण कोरडी हवा त्या आडव्या काचेवरचं धुकं गरम हवेपेक्षा लवकर उडवते.

महाराष्ट्रातून विचारणा येते की तिकडे असं काही करता येईल का. अलिबागजवळ कार्ले खिंडीत चिंकारा मोटर्सने छोटी रोडस्टर बांधली होती, म्हणजे हात आणि हुन्नर तिथे आहेतच. अडचण नोंदणीची. इथल्यासारखी एकट्या गाडीची सोपी तपासणी तिकडे नाही. रस्त्यावर विकायची नवी गाडी पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि नोंदणी झालेल्या गाडीचा मूळ ढाचा बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे जुनी गाडी कापून तिच्यावर जीटी४०ची बॉडी चढवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, असंच आम्ही सांगतो.

गाडी ताब्यात देताना आम्ही एक कागद देतो. कुलंट दोन वर्षांनी बदलणे. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर होसच्या सगळ्या क्लिपा इंजिन थंड असताना पुन्हा आवळणे. नाकातली फोमची पट्टी दर हंगामाआधी बघणे. आणि हिवाळ्यात गाडी झाकून ठेवली तरी महिन्यातून एकदा इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी लावणे. ऑइल फिरलं नाही तर कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील कोरडं पडतं, गॅस हळूहळू निघून जातो, आणि जूनमध्ये मालक बटण दाबतो तेव्हा ते कळतं.