विषयाची चौकट नसलेली बी.ए. : माझा अनुभव

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्ट गावी हॅम्पशायर कॉलेजात मी शिकले. १९७० साली तिथे वर्ग सुरू झाले. तिथे 'मेजर', म्हणजे पदवीचा एक मुख्य विषय, नव्हता आणि गुणांच्या श्रेणीही नव्हत्या. मला धुळे जिल्ह्यातली सिंचनाची फड पद्धत शिकायची होती. पांझरा नदीवरचे छोटे बंधारे, त्यातून काढलेले पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचं. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः चालवलेली ही व्यवस्था इतिहासात बसते, भूगोलात बसते, स्थापत्यातही; पण एका विभागात पुरती मावत नाही. म्हणून मी हे कॉलेज निवडलं.

पहिलं वर्ष निरनिराळे विषय चाखण्यात सरायचं. कस लागायचा तो त्यानंतरच्या दोन वर्षांत, म्हणजे डिव्हिजन टूमध्ये. त्यासाठी 'कॉन्ट्रॅक्ट' लिहायचं: माझे प्रश्न कोणते, त्यासाठी कुठले कोर्स घेणार, प्रत्यक्ष काम कुठे करणार. मार्गदर्शक प्राध्यापकही आपणच गाठायचे आणि त्यांना राजी करायचं. माझ्या मसुद्यावर 'महाराष्ट्रातील पारंपरिक सिंचन' असं लिहिलेलं वाचून माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हा विषय झाला. तुझा प्रश्न काय?" त्यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी उतरलं ते असं: पाणी कमी पडलं की पाळी कोण ठरवतं, आणि बाकीचे ती का मानतात?

हे वाक्य सापडल्यावर कोर्स आपोआप ठरत गेले. भूजल आणि नकाशे यूमासला (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात), मानववंशशास्त्र स्मिथ कॉलेजला. आमच्यासह जवळच्या पाच कॉलेजांचा गट असल्याने वेगळी फी पडत नसे, बसही मोफत. वेळापत्रक लावताना मात्र प्रवासाचा वेळ धरावाच लागे.

श्रेणीऐवजी प्रत्येक शिक्षक लेखी मूल्यमापन देत. 'मांडणी स्पष्ट, आकडेवारीचं विश्लेषण वरवरचं' असं वाचलं की पुढच्या सत्रात काय करायचं ते नेमकं कळायचं. 'बी प्लस'मधून मला ते कधीच कळलं नसतं. सगळं लेखन, अगदी कच्चे मसुदेसुद्धा, मी जपून ठेवलं. डिव्हिजन टूच्या शेवटी त्यांचाच पोर्टफोलिओ झाला. शेवटचं वर्ष एकाच मोठ्या प्रकल्पाचं. ते पार पडलं की ग्रंथालयाजवळची घंटा वाजवायची, आणि ती मी मनापासून वाजवली.

"अगं, पण पदवी कशात?" बाबांचा हा प्रश्न रास्त होता. पदवी नुसती बी.ए. आणि टक्केवारी नाही. भारतात एम.ए.ला अर्ज करण्याआधी मी विभागप्रमुखांना पत्र लिहून मूल्यमापनांचा संच पाठवला, म्हणून अर्ज अडला नाही. तुम्हाला परत यायचं असेल तर हे पत्र शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाठवा.