आमची वाटचाल : सकाळी सहाचा फोन

गावच्या दूध संस्थेत सकाळी सहाला संकलन सुरू होतं. आमचं सॉफ्टवेअर बंद पडायचं तेही नेमकं त्याच वेळी. फोन यायचा, "साहेब, बंद पडलंय." स्क्रीनवर काय आलंय विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय तर इंग्लिशमध्ये आलं हुतं, मी ओके दाबलं." मागे किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या लोकांची कुरबूर ऐकू यायची, आणि आमच्याकडे एकच सल्ला असायचा: बंद करून परत चालू करा.

गडहिंग्लजला एका गाळ्यात मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी ही फर्म सुरू केली. वजनकाटा आणि फॅट मशीन कॉम्प्युटरला जोडायचं, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यांवरून दर काढायचा, उत्पादकाला पावती द्यायची, दहा दिवसांचं बिल तयार करायचं. काम कळत होतं, संस्था जोडल्या जात होत्या. पण तक्रारींची वही आज उघडली तरी वाईट वाटतं. पानामागून पान एकच ओळ : 'प्रोग्रॅम बंद पडतो.' कोणत्या गावात, एवढंच बदलतं. मोटारसायकलवरून तीस-चाळीस किलोमीटर जाऊन बसायचं, तर आपल्यासमोर तो सगळं संकलन सुरळीत पार पाडायचा. आम्ही निघालो की दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

एके रात्री घरी भावाचा फायरफॉक्स ब्राउझर बंद पडला आणि 'अहवाल पाठवू का' असं विचारणारी खिडकी आली. एरवी आपण ती बंद करतो. त्या दिवशी त्याने अहवाल पाठवला आणि तो फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवर उघडून पाहिला. प्रोग्रॅम कोसळला तेव्हा कुठल्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या कोणत्या तुकड्यात होता, तिथे कुठून आला, फाइल कोणती, ओळ कितवी, सगळं मांडलेलं. भावाने स्वतः एक शब्द लिहिला नव्हता. फायरफॉक्समध्ये गुगलच्या ब्रेकपॅड या अहवाल काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभी केलेली ही सोय २००८ पासून, म्हणजे आवृत्ती ३ पासून आहे. आणि आम्ही मात्र संस्थांच्या सेक्रेटरींना विचारत बसलो होतो, ज्यांचं काम दूध मोजणं आहे.

आमचं सॉफ्टवेअर विंडोजवर, सी प्लस प्लसमध्ये. विंडोजमध्ये कोसळलेल्या प्रोग्रॅमचा 'मिनिडंप' काढता येतो : त्या क्षणी कोणते थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चालू होते, प्रत्येकाचा स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं ती नोंद आणि त्यांची हाताशी असलेली माहिती) काय होता, कोणत्या डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोड-फाइल) लोड झाल्या होत्या. फाइल लहान असते, गावातल्या इंटरनेटवरूनही जाते. पहिला प्रयत्न आम्ही प्रोग्रॅमच्या आतूनच डंप लिहायचा केला. पण ज्याची मेमरी बिघडली आहे त्याच्यावर तेच काम सोपवलं, तर पुष्कळदा फाइल अर्धवट मिळते किंवा मिळतच नाही. म्हणून शेजारी एक छोटा वेगळा प्रोग्रॅम बसवला. मुख्य प्रोग्रॅम पडला की हा त्याचा डंप काढतो, फॅट मशीनकडून आलेल्या शेवटच्या काही नोंदी सोबत जोडतो आणि नेट असेल तेव्हा पाठवतो.

पहिले डंप आले तेव्हा मी अक्षरशः हातातलं काम टाकून उघडायला बसलो. आत नुसते पत्ते, आकडे. फंक्शनची नावं दिसायला त्याच बिल्डची, म्हणजे त्याच वेळी कंपाइल केलेल्या प्रतीची, पीडीबी फाइल (पत्ता आणि नाव यांची जोडी सांगणारी) लागते, आणि गावोगाव बसवलेली आवृत्ती ज्या लॅपटॉपवर तयार केली होती तो आम्ही केव्हाच फॉरमॅट केला होता. तोच कोड पुन्हा कंपाइल करून चालत नाही. प्रत्येक बिल्डची खूण वेगळी असते, ती जुळावी लागते. सगळ्या संस्थांना नवी आवृत्ती द्यावी लागली. तेव्हापासून प्रत्येक बिल्डची ईएक्सई आणि पीडीबी एकत्र दोन ठिकाणी जपून ठेवल्याशिवाय ती आवृत्ती ऑफिसबाहेर जात नाही. या वाटेने जाणाऱ्या कुणालाही मी हे सगळ्यात आधी सांगतो.

मग चित्र दिसलं. एकाच फंक्शनमधल्या एकाच ओळीवर पडलेले अहवाल आम्ही एका गठ्ठ्यात टाकत होतो, आणि निम्म्याहून जास्त अहवाल एकाच गठ्ठ्यात गेले. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००२ साली ग्राहकांना लिहिलं होतं, की त्यांच्याकडे आलेल्या एकूण चुकांपैकी निम्म्या चुका फक्त १ टक्का बग्जमुळे होत होत्या. आमच्या छोट्या गाळ्यातही तोच अनुभव आला.

ती ओळ फॅट मशीनकडून आलेला मजकूर वाचायची. मशीन एक पूर्ण ओळ पाठवतं, ती एकदमच मिळेल असं मी गृहीत धरलं होतं. जुन्या कॉम्प्युटरला मागे नऊ पिनांचा पोर्ट असायचा, तिथे ते निभावून जायचं. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट नाही, म्हणून संस्था यूएसबीचा कन्व्हर्टर लावायच्या, आणि त्यातून तीच ओळ तुकड्यातुकड्यांनी यायची. अर्ध्या ओळीत फॅट शोधायला गेलं की प्रोग्रॅम खाली. सोबत जोडलेल्या नोंदींत ते अर्धे तुकडे स्पष्ट दिसत होते. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत थांबायचं, एवढाच बदल. दुपारभराचं काम होतं, आणि त्यासाठी आम्ही दोन वर्षं गावोगाव फिरलो होतो. ज्या सेक्रेटरींनी नवा कॉम्प्युटर घेतला त्यांनाच आम्ही 'तुमच्या मशीनला व्हायरस असेल' असं सांगितलं होतं. त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करून चूक आमची होती हे कळवलं.

एका डंपमध्ये मला एका उत्पादकाचं नाव आणि बँक खातं क्रमांक दिसला. स्टॅकवर जे असेल ते डंपमध्ये येतंच. त्या दिवशी पाठवणं थांबवलं. आता खातं क्रमांक वापरून झाला की मेमरीतून लगेच पुसतो, आणि संस्थेने मराठीतला मजकूर वाचून होकार दिल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही.

काही संस्थांच्या संचालक मंडळांनी नकार दिला आहे, आणि तो आम्ही मान्य केला आहे. त्यांच्याकडे डंप त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहतो आणि स्क्रीनवर मोठ्या मराठी अक्षरांत चार आकडी क्रमांक येतो. सेक्रेटरी फोनवर तो वाचून दाखवतात, पुढच्या फेरीला आमच्या ऑफिसातला मुलगा त्यांच्यासमोर त्या क्रमांकाची तेवढी एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येतो.