बाबांची एकनळी

बाबांचं बारावं झालं आणि तिसऱ्या दिवशी शेजारचे काका ओसरीवर येऊन बसले. "बाय, बंदूक नुसती पडून आहे ना? दोन रात्री दे. डुकरं काजूत शिरतायत."

नाही म्हणताना जीभ जड झाली. याच काकांनी बाबांना खांदा दिला होता. पण परवाना बंदुकीचा नसतो, माणसाचा असतो. बाबा गेले, तसा तोही गेला. बंदूक पोलिसांत किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायची, मग वारसाला हवा तर त्याने आपल्या नावावर अर्ज करायचा. उसनी द्यायला ती काही कोयता नव्हे.

तशी आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेतराखणीची बंदूक घरोघरी नसली तरी नवलाईची नाही. आचारसंहिता लागली की बाबा कुरकुरत ती जमा करून येत. २०२४ ला तर मतदान ७ मे रोजी, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात!

ठाण्यात हवालदारांनी नळी उघडून आत पाहिलं. मग नंबरावरचा गंज खोबरेल लावलेल्या फडक्याने पुसून एकेक आकडा परवान्याशी ताडला. काडतुसांपाशी अडलं. नोंद दहाची, डब्यात सहा भरलेली, तीन रिकामी. एक कुठे?

दोन दिवस घर उलथंपालथं केलं. सापडलं बाबांच्या जुन्या रेनकोटच्या खिशात, रिकामं, वर बुरशी.

"एका पुंगळीसाठी एवढं?" मी वैतागून विचारलं. हवालदारांनी ती उलटी करून बुडावरचा खळगा दाखवला. छऱ्याच्या बंदुकीच्या नळीत आटे, म्हणजे आतून कोरलेले वळणदार चर, नसतात, त्यामुळे छरे पाहून बंदूक ओळखता येत नाही. पण घोडा दाबला की पिन बुडावर आपली खूण उमटवते. गुन्ह्याच्या जागी सापडलेली पुंगळी आणि संशयित बंदुकीतून झाडलेली पुंगळी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून तपासतात. "बंदूक मिळाली, पण तिची नोंदच नसली, तर ती कुणाच्या हातून कुणाकडे गेली ते शोधत बसा," हवालदार म्हणाले. बाबा रिकाम्या पुंगळ्याही जपून का ठेवत, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

पावती देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. अर्ज मी केलेला नाही.

काका रात्री पत्र्याचा डबा बडवतात, आमच्या माडीपर्यंत ऐकू येतं. परवा मी आमच्याकडचा तेलाचा मोठा डबा नेऊन दिला. घेतला त्यांनी. बोलले मात्र नाहीत.