धाकटीचा अर्ज

आज धाकटीच्या बी.फार्मसाठी एका छोट्या खासगी विद्यापीठात जाऊन आलो. सांगलीहून पहाटेच्या एसटीनं. कॅम्पस लहानच, पण लॅब उघडून दाखवल्या, शिकवणाऱ्या मॅडम स्वतः येऊन बोलल्या. ते आवडलं. अ‍ॅडमिशनच्या टेबलावरचा पोरगा मात्र 'आजच सीट बुक करा'च्या पुढं सरकेना.

मुलींना 100 टक्के फी माफ आहे, असं आईनं निघताना बजावलं होतं. राज्य सरकारचा 2024 चा तो निर्णय आहे खरा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींसाठी. पण खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं त्यातून वगळलीत! हे टेबलावरचा कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं तर म्हणे, "आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे की दादा." दुसऱ्या वर्षीपण मिळेल असं लिहून द्या म्हटलं, तर सर लगेच मीटिंगमध्ये.

धाकटी आमच्यापेक्षा पक्की. तिथंच मोबाईलवर यूजीसीची मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी काढली, विद्यापीठाचं नाव सापडलं. मग फार्मसी कौन्सिलची मान्यता बघत बसली.

अर्जाचे पैसे भरलेत, सीटचे नाहीत. कॅपची (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) यादी लागेपर्यंत थांबतोय. कुणाचं पोर अशा ठिकाणी शिकत असेल, तर दुसऱ्या वर्षी फी किती वाढली तेवढं इनबॉक्सात सांगा.