गादीवाल्यांचं नवं गिऱ्हाईक : आमची वाटचाल

बेळगावातल्या शहापुरात आमचं गाद्यांचं दुकान. अण्णांच्या काळात कापूस, पुढं फोम, मग सोफ्याची कव्हरं, ऑफिसच्या खुर्च्या. आता आम्ही ऑफिसातला आवाज कमी करून देतो, असं सांगितलं की पाहुण्यारावळ्यांना अजून ते नीट पटत नाही. "म्हणजे नक्की काय विकतोस?" असं मामा दरवर्षी गणपतीत विचारतात.

2014 साली, सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं त्या वर्षी, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमधून बोलावणं आलं. काम खुर्च्यांच्या रेक्झीनचं होतं. ऑफिस शेडला चिकटून, मध्ये प्लायचं पार्टिशन. पलीकडं ग्राइंडर सुरू झाला की अकाउंटंटबाई फोन खाली ठेवून द्यायच्या. मालक म्हणाले, "खुर्च्या राहूदेत, हे गद्दल तेवढं कमी करा बघू. तुमच्याकडं फोम आहे की!" मी हो म्हटलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं आमच्या घरात कुणाला शिकवलेलंच नाही.

पार्टिशनला दोन इंची फोम लावला, वर निळं कापड ताणून स्टेपल केलं. खोली सिनेमा थिएटरसारखी दिसायला लागली. चौथ्या दिवशी फोन: "आवाज तसाच येऊलालाय की हो!"

जाऊन उभा राहिलो. खरंच तसाच. खोलीतलं आपलं बोलणं घुमायचं थांबलं होतं, पण ग्राइंडर जागच्या जागी. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याची फी मीच भरली. फोम शोषतो. अडवायला वजन लागतं : वीट, दुहेरी जिप्सम बोर्ड, जाड काच. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर ढोबळमानानं पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो, आणि आमचा फोम तर पोरगंसुद्धा एका हातानं उचलेल. वर दाराखाली बोटभर फट. पाण्याला जशी फट पुरते तशी आवाजालाही पुरते. निम्मे पैसे परत केले. अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एक गोष्ट सापडली ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. 1895 मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात शिकवलेलं काही ऐकूच येईना, नुसतं घुमायचं. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडं ते काम आलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या उचलून आणायचा, एकेक वाढवत जायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती सेकंदांत विरतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवायचा. त्यातून निघालेलं सूत्र आम्ही आजही वापरतो. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा अबोला सुटला. "म्हणजे सुरुवात गादीवाल्यांनीच केली म्हण की!"

सूत्र सोपं आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला 0.161 नं गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणानं (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती हिस्सा शोषतो, त्यांची बेरीज) भागायचं, की आवाज विरायला किती सेकंद लागतात ते निघतं. टिळकवाडीतल्या एका कर सल्लागाराचं ऑफिस 9 मीटर बाय 6 मीटर, उंची 3 मीटर. फरशी, गुळगुळीत भिंती, उघडा स्लॅब, दहा-बारा माणसं. आवाज विरायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास लागत होते. एवढ्या वेळात माणूस चार-पाच शब्द पुढं गेलेला असतो, मग प्रत्येकजण आवाज चढवतो आणि त्याला उत्तर म्हणून शेजारचा. आम्ही छताला चांगल्या शोषणाच्या टाइल्स लावल्या, वेळ अर्ध्या सेकंदावर आला. भिंतींना काहीच लावलं नाही. त्यांनी भिंतींचेही पैसे ठेवले होते, नको म्हणालो. तेच पैसे केबिनवर घातले.

कारण केबिनमध्ये साहेब गिऱ्हाइकाशी काय बोलतात ते बाहेर शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. भिंत जाड होती, दार चांगलं होतं. वर चढून बघितलं तर पार्टिशन केबिनच्या फॉल्स सीलिंगपाशीच संपलेलं! वरून स्लॅबपर्यंत सगळं मोकळं, बोलणं तिथून चढून पलीकडं उतरत होतं. भिंत स्लॅबला भिडवली, सांधे भरले, संपलं. निम्म्या ऑफिसांत हाच घोटाळा निघतो.

आता एक अनुभवाची गोष्ट. माणसाचं लक्ष मोठ्या आवाजानं उडतं त्यापेक्षा कळणाऱ्या बोलण्यानं जास्त उडतं. पंख्याची घरघर दिवसभर चालते, कुणी तक्रार करत नाही. शेजारी "अरे, त्याचं लग्न मोडलं म्हणे" असं हळूच म्हटलं की सगळ्यांची बेरीज चुकते. दुसऱ्या शहरांत निदान परक्या भाषेतलं बोलणं कानावरून निघून जात असेल. आमच्याकडं मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही प्रत्येकाला कळतात, सुटका नाही. म्हणून अगदी शांत खोलीसुद्धा करू नये. पूर्ण शांततेत कुजबुजही ठळक ऐकू येते. एसीची थोडी झुळझुळ राहू द्यावी.

पावसाळ्यानं मात्र आम्हाला चांगलंच धुतलं. जुलैत पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात पाऊस सुरू झाला की बोलणंच बंद. तिथं पत्र्याखाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) आणि त्याच्याखाली सुटं टांगलेलं दुहेरी जिप्सम, हाच उपाय लागू पडला. त्याआधी स्वस्तात पडतं म्हणून मी कापसाचे पॅनेल करून बघितले होते. आमचाच माल, आमचीच अक्कल. ऑगस्टमध्ये त्यांच्यावर बुरशी आली आणि ऑफिसभर वास. शिवाय कापूस पेटतो. साधा फोमही पेटतो आणि त्याचा धूर विषारी. तेव्हापासून दोन्ही भिंतीवर लावणं बंद, ते सोफ्यातच बरे.

सध्या वडगावात काम चालू आहे. यंत्रमाग चालतात त्या खोलीला लागूनच हिशेबाची खोली. नऊ इंची विटांची भिंत आहे, ती ठीक. दार पत्र्याचं, चौकट वाकडी, वर झरोका उघडा. मालकीणबाईंना पॅनेल हवे आहेत, कारण भाचीनं मोबाईलवर दाखवलेत. मी त्यांना आधी दार बदला म्हटलंय. त्या म्हणाल्या, "दाराला काय धाड भरलीय? बारा वर्षं झाली त्याला." काल सुतार माप घेऊन गेला.