उधारीवरचा गुण

टेनिसमध्ये चेंडूचा दुसरा टप्पा पडला की विषय संपला, गुण समोरच्याचा. या रोखठोक व्यवहाराची इतकी सवय झालीय, की टेनिसच्या आजोबांकडे चक्क उधारी चालते हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आजोबा म्हणजे रिअल टेनिस. मूळचे फ्रान्सचे. तिथलं नाव 'ज्य द पोम', तळहाताचा खेळ. रॅकेट रुळली सोळाव्या शतकात. त्याआधी हातानंच टोलवाटोलवी. मठांतल्या ओवऱ्यांमध्ये हा खेळ सुरू झाला असं मानतात, आणि कोर्ट पाहिलं की ते पटतं. चार भिंतींच्या आत, तीन बाजूंना उतरती छपरं. सर्व्हिस या छपरावरून घरंगळत यायला हवी! जाळं कडेला पाच फूट, मध्ये तीन. चेंडू हातानं बांधलेला, रॅकेटचं तोंड किंचित वाकडं. १८७४ साली पेटंट घेतलेलं लॉन टेनिस यांच्यापुढे अगदीच शेंबडं पोर.

तर उधारी. तिचं नाव 'चेस'. तुम्ही मारलेल्या चेंडूचा दुसरा टप्पा जमिनीवर पडला, तरी बहुतेक वेळा गुण कुणालाच मिळत नाही. टप्पा मागच्या भिंतीपासून किती अंतरावर पडला, तेवढं 'मार्कर', म्हणजे पंच, पुकारतो आणि ध्यानात ठेवतो. अशा दोन चेस साठल्या (गेम जिंकायला कुणाला एकच गुण हवा असेल तर एकही पुरते), की खेळाडू बाजू बदलतात. आता समोरच्यानं त्याहून भिंतीजवळ टप्पा पाडून दाखवायचा. जमलं तर गुण त्याचा, नाही तर तुमचा. सर्व्हिस नेहमी एकाच बाजूनं होते. त्यामुळे ती हवी असेल तर आधी चेस पाडायची, म्हणजे उधारी करायची.

चेंडू हरवण्यावरून मात्र एका राजाचा हिशेब कायमचा चुकता झाला. स्कॉटलंडचा पहिला जेम्स. पर्थमध्ये त्याचे चेंडू एका गटारात जात, म्हणून त्यानं ते बुजवून घेतलं, असं सांगतात. १४३७ मध्ये मारेकरी आले तेव्हा तो लपायला त्याच गटारात उतरला. पुढे वाट नव्हती.

मला या खेळात सगळ्यात हेवा वाटतो तो चेस राखणाऱ्याचा. चेंडू येतोय, अंगावर धावून जावंसं वाटतंय, पण याची नजर सांगते की दुसरा टप्पा आखूड, चेसपेक्षा भिंतीपासून लांबच पडणार. मग रॅकेट खाली धरून तो नुसता उभा राहतो, आणि चेंडू शेजारून जाऊ देतो.