‘कोल्ड प्रेस्ड’ या शब्दात काय मावत नाही

बाटलीवर ‘कोल्ड प्रेस्ड’ असं छापलेलं दिसलं की पुढचं काही विचारायचं राहून जातं. कोडेक्स आलिमेंटारियस या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संग्रहाच्या वनस्पती तेलांच्या मानकात या शब्दाची व्याख्या आहे. उष्णता न देता निव्वळ यांत्रिक दाबाने काढलेलं, आणि नंतर पाण्याने धुणं, निवळणं, गाळणं किंवा सेंट्रिफ्यूजमधून फिरवणं यापलीकडे काहीही न केलेलं तेल, ही ती व्याख्या. तिच्यात अंश सेल्सिअसचा आकडा नाही. यंत्र स्वतःच्या घर्षणाने तापलं तर कुठवर चालेल, हेही सांगितलेलं नाही. त्यामुळे कोणी ‘आमचं तेल ४० अंशांवर निघतं’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा: थर्मामीटर कुठे लावला होता? स्क्रू प्रेसमध्ये, म्हणजे फिरत्या स्क्रूने बी पुढे ढकलत दाबणाऱ्या यंत्रात, तेल गळतं त्या जागी ४० अंश असताना पेंड बाहेर पडते त्या तोंडाशी त्याच्या दुप्पट तापमान सहज असू शकतं.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. दाबण्याची पद्धत बदलल्याने तेलातल्या मेदाम्लांचं (फॅटी ॲसिडचं) प्रमाण बदलत नाही. सूर्यफुलाचं लिनोलेइक आम्ल घाण्यात जेवढं, तेवढंच एक्सपेलरमध्ये (कारखान्यातल्या मोठ्या स्क्रू प्रेसमध्ये). ते बियाण्याच्या वाणावर आणि पीक कसं वाढलं त्यावर ठरतं. पद्धतीने बदलतं ते तेलातलं बाकीचं सामान: फॉस्फोलिपिड, हरितद्रव्य, मेण, वासाची द्रव्यं, टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व), पाण्याचा अंश आणि बारीक चोथा. वजनाने हे सगळं थोडंसंच असतं. पण तेलाचा रंग, वास, फेस आणि ते किती दिवस टिकणार, हे सगळं त्या थोड्याशावरच ठरतं.

दाबण्याच्या मुख्य तऱ्हा तीन. हायड्रॉलिक प्रेसमध्ये भरड कापडात गुंडाळून थराथराने रचतात आणि हळूहळू दाब चढवतात. घुसळण नाही, त्यामुळे उष्णता जवळजवळ नाही आणि तेल बऱ्यापैकी स्वच्छ निघतं. मात्र प्रत्येक भरण्याला वेळ जातो. दाब घाईने चढवला तर कापड फाटतं किंवा बाहेरचा थर आधी घट्ट होऊन आतल्या तेलाची वाट बंद होते. कापडं धुवून पूर्ण वाळवली नाहीत तर कालच्या तेलाचा खवट वास आजच्या तेलाला लागतो.

घाण्यात ऊखळ आणि लाट (आत फिरणारा जाड दांडा) यांच्यामध्ये बी चिरडलं जातं. इथे दाब कमी, पण घुसळण बरीच आणि हवेशी संबंध मोठा. भरणा अर्धा-पाऊण तास उघड्यावर फिरत राहतो. थोडं पाणी घालावं लागतं, कारण चिरडलेल्या बियांचा गर ते पाणी पिऊन एकमेकाला धरतो आणि तेलाला बाहेर ढकलतो. पाणी कमी पडलं तर भरणा कोरडा भुगा होऊन लाटेखाली नुसता सरकत राहतो. जास्त झालं तर सगळ्याचा लगदा होतो आणि तेल दुधाळ निघतं. पेंडेत १२ ते १५ टक्के तेल मागे राहतं, ते या पद्धतीत गृहीतच धरायचं. लाकडी ऊखळाबद्दल फार गोड बोललं जातं. पण लाकूड तेल पितं आणि त्याच्या रंध्रांत शिरलेलं तेल खवटतं. रोज चालणाऱ्या घाण्यात हे फारसं जाणवत नाही. आठवडाभर बंद राहिलेला घाणा मात्र आधी जुनी पेंड फिरवून पुसून काढावा, आणि पहिल्या भरण्याचं तेल बाजूला ठेवावं.

सगळ्यात जास्त घोळ स्क्रू प्रेसमध्ये होतात, कारण तिथे चार गोष्टी एकमेकींना ओढतात: ओल, स्क्रूचा वेग, तोंडाचं छिद्र आणि बियांतलं टरफल. छिद्र अरुंद केलं की दाब वाढतो, तेल जास्त निघतं आणि धगही वाढते. वेग वाढवला तर तासाला माल जास्त जातो, पण तेलाला निथळायला वेळ मिळत नाही आणि ते पेंडेतून निघून जातं. चालू करताना बहुतेकांची एकच चूक होते. यंत्राचं तोंड थंड असताना ते बी ओततात, पेंड आत दगडासारखी बसते आणि स्क्रू अडकतो. लहान यंत्रांच्या तोंडाभोवती हीटरची पट्टी असते ती याचसाठी. आधी तोंड गरम करायचं, मूठमूठ बी सोडायचं, पेंड सलग यायला लागली की हॉपर भरायचा आणि हीटर बंद करायचा. बंद करताना आतलं सगळं बाहेर काढून, तोंड गरम असतानाच खोलायचं. थंड झाल्यावर छिन्नी-हातोडीची वेळ येते.

ओलीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते तेलाचा दर्जा यंत्राच्या जातीपेक्षा इथेच जास्त ठरतो. बहुतेक तेलबियांना न तापवता स्क्रू प्रेसमधून काढायचं तर ६ ते ७ टक्के ओल सोयीची. बी फार कोरडं असेल तर घर्षण वाढतं, पेंड काळपट आणि करपट वासाची येते, तेलात पिठासारखा चोथा उतरतो. फार ओलं असेल तर बियांची कणीक होते, ती स्क्रूबरोबर गोल फिरत राहते, पुढे सरकत नाही. तोंडातून वाफ फसफसते आणि पेंड मऊ, तेलकट निघते. नीट जमलेली पेंड हातात घेतली की कळते: कडक पापुद्रा किंवा कांडी, वाकवली की कट्‌ करून मोडते, आणि बोटाला तेलाचा नुसता ओशटपणा लागतो.

ओल मोजायला महागडं यंत्र नको. १० ग्रॅम बी जाडसर भरडून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास ठेवा, बंद डब्यात थंड करून पुन्हा वजन करा. वजन ९.३ ग्रॅम भरलं तर ओल ७ टक्के. वजनकाटा मात्र ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा हवा. ओल कमी निघाली तर पाणी किती घालायचं याचा हिशेब असा: १० किलो बी ५ टक्क्यांवर आहे आणि ७ वर न्यायचं आहे, तर १० गुणिले २, भागिले ९३, म्हणजे सुमारे २१५ मिलिलीटर. भागिले ९३ कशासाठी, तर घातलेल्या पाण्याने एकूण वजनही वाढतं. हे पाणी फवारून, हाताने चोळून, बी झाकणाच्या भांड्यात रात्रभर ठेवायचं. लगेच दाबलं तर ओल टरफलावरच असते, आतला गर कोरडाच.

टरफलाचं गणित थोडं उलटं आहे. सगळं टरफल काढलं तर तेल चांगलं निघेल असं वाटतं, आणि चवीपुरतं ते खरंही आहे. पण स्क्रूला धरायला काहीतरी खरखरीत लागतं. सोललेल्या सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं यंत्रात लोणी होतं आणि तेच जाळीतून बाहेर येतं. म्हणून थोडं टरफल मागे ठेवतात किंवा परत मिसळतात. सूर्यफुलाच्या टरफलातून मेणही तेलात येतं. थंडीत तेल गढूळ दिसतं त्याचं कारण बऱ्याचदा हे मेण असतं. ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

आता उष्णतेकडे. मोठ्या एक्सपेलरमध्ये बी आधी १०० अंशांच्या आसपास शिजवतात आणि ओल ३-४ टक्क्यांवर आणतात. पेशी फुटतात, प्रथिनं गोठतात, तेल पातळ होऊन पटकन वाहतं. पेंडेत ६-७ टक्केच तेल राहतं. त्याची किंमत म्हणजे तेलात फॉस्फोलिपिड, रंग आणि मेण जास्त उतरतं. फॉस्फोलिपिड जास्त असलेलं तेल तापवलं की फेसाळतं, काळवंडतं, साठवणीत तळाशी चिकट थर धरतं. म्हणून असं तेल पुढे शुद्ध करावंच लागतं. पण ‘गरम केलं की टोकोफेरॉल संपलंच’ हे विधान अर्धवट आहे. तापवल्याने पेशी फुटून काही वेळा ते तेलात उलट जास्त उतरतं.

तिळाचं उदाहरण तर ‘थंड म्हणजे चांगलं’ या समजुतीला सरळ छेद देणारं आहे. तीळ १८० ते २०० अंशांवर भाजले की त्यातल्या सेसामोलिनपासून सेसामोल तयार होतं. ते जोरकस ऑक्सिडेशनरोधक आहे. भाजण्यातून तयार होणारी तपकिरी द्रव्यंही त्याला मदत करतात. त्यामुळे भाजलेल्या तिळाचं तेल कच्च्या तिळाच्या तेलापेक्षा जास्त टिकतं. रेपसीड (मोहरीच्या कुळातलं एक तेलबी) भाजल्यावरही त्यातल्या सिनॅपिक आम्लापासून कॅनोलॉल नावाचं तसंच एक द्रव्य बनतं. भाजणं जास्त झालं की मात्र कडवट, जळका वास येतो आणि तो कुठल्याही गाळणीने जात नाही.

मोहरीत वेगळाच खेळ. अख्ख्या दाण्याला झणका नसतो. दाणा चिरडला आणि पाणी लागलं की मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दाण्यातलं ग्लुकोसिनोलेट हे द्रव्य फोडतं आणि मग ते नाकात जाणारं द्रव्य तयार होतं. म्हणून पाणी घालून काढलेलं घाण्याचं तेल तिखट, तर कोरड्या मोहरीचं स्क्रू प्रेसमधलं सौम्य. बी आधी तापवून विकर मारलं तर तिखटपणा जवळपास नाहीसाच. भाताच्या कोंड्यात हाच प्रकार नुकसानीचा ठरतो. तांदळापासून सुटल्या क्षणापासून त्यातलं लायपेज हे विकर तेलाची आम्लं मोकळी करायला लागतं. तिथे कोंडा लगेच वाफेने तापवून ते विकर थांबवणं हाच उपाय, थंडपणाचा आग्रह धरणं म्हणजे तेल घालवणं. सरकीचं तेल तर नुसतं दाबून खाण्यासारखं नसतंच. त्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य काढायला शुद्धीकरण लागतं.

जवसात अर्ध्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, म्हणून ते सगळ्यात नाजूक. ताजं तेल कडू नसतं. त्यातलं एक चक्राकार पेप्टाइड हवेने ऑक्सिडाइझ झालं की काही दिवसांत कडवटपणा येतो. इथे यंत्रावर वाद घालण्यापेक्षा थोडं काढून थंडीत ठेवावं.

तेल बिघडलं की दोन आकडे पाहायचे. आम्लांक, म्हणजे तेलात किती आम्लं मोकळी झाली त्याचं माप, बियांचा इतिहास सांगतो: ओलसर साठवण, फुटके दाणे, बुरशी. दाबण्याने तो फारसा वाढत नाही आणि उत्तम यंत्रानेही कमी होत नाही. पेरॉक्साइड अंक, म्हणजे तेल किती ऑक्सिडाइझ झालं त्याचं माप, हवा, प्रकाश आणि धग यांची गोष्ट सांगतो. कोडेक्समध्ये कोल्ड प्रेस्ड तेलाला आम्लांक ४ मिग्रॅ पोटॅशियम हायड्रॉक्साइड प्रति ग्रॅमपर्यंत आणि पेरॉक्साइड १५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलोपर्यंत चालतो. शुद्ध केलेल्या तेलाला हेच ०.६ आणि १०. म्हणजे न तापवता काढलेल्या तेलाला मोकळीक जास्त आहे. बी वाईट असेल तर ते झाकायला पुढे काहीच प्रक्रिया नसते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्याचं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) मुख्यतः पेंडेत जातं, पण न गाळलेल्या तेलातल्या चोथ्याबरोबर थोडं तेलातही येतं. तेव्हा सुरकुतलेले, काळे, फुटके दाणे दाबण्याआधीच निवडून टाकायचे.

आणि शेवटचा टप्पा, जिथे चांगलं निघालेलं तेलही हमखास बिघडतं: साका. ताज्या तेलात चोथा, पाणी आणि जिवंत विकरं एकत्र असतात. तेल उंच, अरुंद भांड्यात, काठोकाठ भरून, अंधारात दोन ते सात दिवस ठेवावं, साका बसला की वरचं नितळ तेल नळीने काढून घ्यावं. तळाच्या साक्यावर महिनाभर तेल ठेवणं म्हणजे ते हळूहळू खवट करणं. साका जास्त येत असेल तर स्क्रू प्रेसच्या जाळीच्या पट्ट्यांमधली फट झिजली आहे का ते बघा. ओल उरली का ते तपासायला चमचाभर तेल लहान कढईत तापवा: तडतडलं तर पाणी आहे. त्यानंतरच गाळायचं, ओलं तेल गाळणीचं कापड बुजवतं. भांडी स्टेनलेस स्टीलची हवीत. तांबं-पितळ ऑक्सिडेशन वेगाने वाढवतं, मग ती तोटी का असेना. हिरवट तेल गडद बाटलीतच भरा, कारण त्यातलं हरितद्रव्य प्रकाशात तेलाला लवकर खवट करतं. एरंड दाबलेल्या यंत्रात खाण्याचं तेल काढू नये. एरंडीतलं रिसिन हे विष तेलात उतरत नाही, पण स्क्रूच्या खाचांत अडकलेल्या पेंडेत ते असतं आणि ती पेंड पुढच्या मालात मिसळते.